पृष्ठवर्णन आणि बिंदू : ‘घोस्टस्क्रिप्ट’च्या रूपांतरकार्याची एक समीक्षा

१. विषयप्रवेश

पृष्ठाचे वर्णन करणे आणि पृष्ठ छापणे ही दोन कार्ये परस्परांहून भिन्न आहेत, ही गोष्ट आज इतकी अंगवळणी पडली आहे की, तिचे महत्त्व सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. वर्णन करणारा असे सांगतो की, कागदाच्या डाव्या कडेपासून इतक्या अंतरावर अमुक वळणाचे अक्षर असावे, त्याखाली अमुक जाडीची रेषा असावी, आणि शेजारच्या चौकटीत निम्म्या काळेपणाची छटा भरलेली असावी. छापणाऱ्या यंत्राला यातले काहीच कळत नाही. त्याला कळतो तो केवळ बिंदू. आणि त्या बिंदूविषयीही एवढेच की, तो उमटवावयाचा किंवा उमटवावयाचा नाही. या दोन टोकांच्या मध्ये जी आज्ञावली उभी असते, तिच्या कार्याला व्यवहारात ‘ड्रायव्हर लिहिणे’ असे काहीसे उणे नाव मिळाले आहे. ज्याने भाषा निर्माण केली तो प्रतिभावंत, आणि ज्याने ती भाषा स्वस्त प्रिंटरापर्यंत पोहोचविली तो केवळ हमाल, असा एक समज संगणकशास्त्राच्या अभ्यासकांतही आढळतो.

हा समज तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी एल. पीटर डॉइच यांनी निर्माण केलेली ‘घोस्टस्क्रिप्ट’ ही आज्ञावली, आणि त्यातही तिचा स्वस्त बिंदुचित्र-प्रिंटरांशी संबंध जोडणारा भाग, आम्ही समीक्षेसाठी घेतला आहे. एखाद्या ग्रंथाचे परीक्षण करताना जे प्रश्न विचारावे लागतात तेच येथेही विचारता येतात : कर्त्याने कोणते कार्य अंगीकारले, ते कोणत्या रीतीने पार पाडले, आणि त्याच्या दृष्टीतून काय निसटले? आमच्या मते हे कार्य भाषांतराचे नसून रूपांतराचे आहे. भाषांतरात मूळ अर्थ नव्या शब्दांत आणावयाचा असतो; रूपांतरात मात्र नव्या भूमीचे गुणदोष पत्करून मूळ कृतीला तेथे जगवावयाचे असते. स्वस्त प्रिंटर ही अशीच एक भूमी आहे.

२. पार्श्वभूमी : एकच यंत्र, दोन किंमती

जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की यांनी झेरॉक्स कंपनीचे पालो आल्टो येथील संशोधन केंद्र सोडून १९८२ मध्ये ‘अडोबी’ ही संस्था स्थापन केली, आणि १९८४ मध्ये ‘पोस्टस्क्रिप्ट’ ही पृष्ठवर्णन-भाषा प्रसिद्ध केली. या भाषेचा मुख्य सिद्धान्त असा की, पृष्ठाचे वर्णन कोणत्याही विशिष्ट यंत्राच्या बिंदुघनतेवर अवलंबून असू नये. लांबीचे मूळ माप इंचाचा ७२ वा भाग. अक्षरे वक्ररेषांच्या बाह्याकृतींच्या रूपाने साठविलेली. आणि वर्णनातील प्रत्येक बिंदूचे यंत्रावरील बिंदूशी नाते एका रूपांतर-मॅट्रिक्सने जोडलेले. ही केवळ आकृत्यांची यादी नसून स्टॅकवर चालणारी, अटी आणि आवर्तने जाणणारी पूर्ण भाषा आहे. त्यामुळे पृष्ठाचे वर्णन म्हणजे वस्तुतः एक आज्ञावलीच असते, आणि पृष्ठ पाहावयाचे तर ती चालवावी लागते.

ती चालविण्यास सामर्थ्य लागते, आणि सामर्थ्याला किंमत असते. १९८४ मध्ये ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीने ‘लेझरजेट’ हा प्रिंटर ३,४९५ डॉलरला विक्रीस आणला. पुढच्याच वर्षी, १९८५ मध्ये, अ‍ॅपल कंपनीचा ‘लेझररायटर’ ६,९९५ डॉलरला बाजारात आला. दोन्हींच्या पोटात छपाईचे यंत्र एकच होते : कॅनन कंपनीने बनविलेले, इंचात ३०० बिंदू उमटविणारे. फरक होता तो त्या यंत्राच्या डोक्यावर बसविलेल्या संगणकाचा. लेझररायटरमध्ये १२ मेगाहर्ट्झचा मोटोरोला ६८००० प्रक्रियक, दीड मेगाबाइट स्मृती आणि पोस्टस्क्रिप्टचा इंटरप्रीटर होता; शिवाय अनेक संगणकांनी तो वाटून वापरावा अशी जोडणीही होती. ज्या मॅकिन्टॉश संगणकावरून त्याच्याकडे पृष्ठे पाठविली जात, त्याच्यात हाच प्रक्रियक अधिक मंद गतीने चाले आणि स्मृतीही कमी असे. म्हणजे लिहिणाऱ्यापेक्षा लेखनिक अधिक बुद्धिमान, अशी ही विलक्षण व्यवस्था होती.

या व्यवस्थेचा सामाजिक अर्थ ध्यानात घेतला पाहिजे. पोस्टस्क्रिप्टचे व्याकरण १९८५ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले होते. ते कोणीही वाचू शकत असे. परंतु त्या भाषेत लिहिलेले पृष्ठ कागदावर पाहण्याचा अधिकार मात्र महाग प्रिंटर बाळगणाऱ्यालाच होता. ज्याच्या टेबलावर नऊ सुयांचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर होता, त्याच्या दृष्टीने ती मजकुराची एक अगम्य फाइल होती. लिपी सर्वांसाठी खुली, पण वाचनालयाचे दार मोजक्यांसाठीच उघडे, असा हा प्रकार होता.

३. कृतीची रचना

डॉइच हेही पालो आल्टोच्या त्याच केंद्रात काम केलेले संगणकतज्ज्ञ. त्यांनी घोस्टस्क्रिप्टची पहिली आवृत्ती १९८८ मध्ये प्रसिद्ध केली. प्रिंटरामध्ये बसविलेला इंटरप्रीटर बाहेर काढून तो वापरणाऱ्याच्या संगणकावर आणून ठेवणे, ही तिची मूळ कल्पना. एकदा हे केले की, प्रिंटर कितीही अडाणी असला तरी चालते; त्याने तयार बिंदूंची रास स्वीकारली म्हणजे झाले.

कल्पना सोपी आहे. तिची मांडणी मात्र विचारपूर्वक केलेली आहे. घोस्टस्क्रिप्टचे तीन थर सांगता येतात. वरचा थर भाषेचा : तो शब्द वाचतो, स्टॅक सांभाळतो, आज्ञा ओळखतो. मधला थर चित्रणाचा : तो वक्ररेषा मोजतो, आकृत्या भरतो, अक्षरांची बिंदुचित्रे तयार करून जपून ठेवतो. खालचा थर उपकरणाचा. या खालच्या थराकडून मधला थर फार थोडी अपेक्षा बाळगतो, ही या रचनेतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट होय. उपकरण म्हणजे काही मोजक्या क्रियांचा एक तक्ता : अमुक आयत अमुक रंगाने भर, अमुक बिंदुचित्र अमुक ठिकाणी उतरव. ज्या क्रिया उपकरणाला स्वतः करता येत नाहीत त्या अधिक साध्या क्रियांच्या आधारे करून देणारी सर्वसामान्य रूपे आधीच तयार ठेवलेली आहेत. प्रिंटरांच्या बाबतीत तर ही अपेक्षा आणखी खाली येते. पृष्ठाचे बिंदुचित्र स्मृतीत तयार झालेले असते. ड्रायव्हर लिहिणाऱ्याने एवढेच करावयाचे की, त्यातील एकेक बिंदुपंक्ती मागून घ्यावयाची आणि आपल्या प्रिंटराला समजेल अशा रीतीने पुढे पाठवावयाची.

ही मागणी इतकी लहान ठेवल्यामुळे काय घडले, हे इतिहास सांगतो. एप्सन, कॅनन, ह्यूलेट-पॅकार्ड आणि इतर अनेक कंपन्यांच्या प्रिंटरांसाठीचे ड्रायव्हर निरनिराळ्या देशांतील लोकांनी लिहून दिले. यांतील बहुतेकांना वक्ररेषांच्या गणिताची गंधवार्ताही असण्याची आवश्यकता नव्हती. त्यांना आपल्या प्रिंटराचे माहितीपुस्तक वाचता आले की पुरे होते. जी रचना अल्पज्ञ सहकाऱ्यालाही उपयुक्त काम करू देते, ती रचना थोर म्हटली पाहिजे. आणि या कसोटीवर घोस्टस्क्रिप्टचे यश निर्विवाद आहे.

४. स्मृतीचे अंकगणित

रूपांतराची खरी कसोटी मात्र तपशिलात लागते. ए-४ आकाराच्या कागदावर इंचात ३०० बिंदू या घनतेने २,४८० स्तंभ आणि ३,५०८ पंक्ती बसतात. एका बिंदूला एक बिट धरला तरी पृष्ठाला १०,८७,४८० बाइट लागतात. त्या काळच्या डॉस प्रणालीवर चालणाऱ्या संगणकाला सामान्यतः ६४० किलोबाइटांपलीकडची स्मृती सहज वापरता येत नसे. म्हणजे संपूर्ण पृष्ठ एका वेळी डोळ्यांसमोर ठेवणे त्याला शक्यच नव्हते. स्वतः प्रिंटरही फार सुस्थितीत नव्हते. ‘लेझरजेट २’ या प्रिंटरामध्ये मुळात ५१२ किलोबाइट स्मृती येत असे, आणि त्यामुळे पूर्ण पानभर चित्र पूर्ण घनतेने छापणे त्यालाही वाढीव स्मृतीवाचून जमत नसे. याउलट इंचात आडवे १२० आणि उभे ७२ बिंदू उमटविणाऱ्या नऊ सुयांच्या प्रिंटराला तेच पान सुमारे १ लाख ४ हजार बाइटांत सामावत असे.

घोस्टस्क्रिप्टने या अडचणीवर काढलेला मार्ग असा : पृष्ठाचे आडवे पट्टे पाडावयाचे, चित्रणाच्या आज्ञा लगेच अमलात न आणता, कोणती आज्ञा कोणत्या पट्ट्याला स्पर्श करते हे पाहून त्या संक्षिप्त रूपात तात्पुरत्या फाइलीत लिहून ठेवावयाच्या, आणि पृष्ठ पूर्ण झाल्यावर एकेक पट्टा घेऊन त्याच्यापुरत्या आज्ञा चालवून त्याचे बिंदू काढावयाचे. अशा रीतीने स्मृतीची उणीव वेळ आणि डिस्क खर्चून भरून काढली जाते. येथे एक सूक्ष्म गोष्ट पाहण्यासारखी आहे. पोस्टस्क्रिप्टमध्ये पुढची आज्ञा मागच्या चित्रावर अपारदर्शक रंगाप्रमाणे बसते. म्हणून पट्ट्यांच्या आतील आज्ञांचा क्रम कधीही बदलता येत नाही. मूळ भाषेच्या या स्वभावाचे पूर्ण भान ठेवूनच ही वाटणी केलेली आहे. आणि ड्रायव्हर लिहिणाऱ्याला मात्र आपण पूर्ण पृष्ठातून पंक्ती मागत आहोत की पट्ट्यातून, याचा पत्ताही लागू दिलेला नाही. ज्याला जे ठाऊक असण्याची गरज नाही ते त्याच्यापासून झाकून ठेवणे, ही रचनाकाराची सभ्यता होय.

आता प्रिंटराच्या बाजूने पाहू. एप्सनच्या नऊ सुयांच्या प्रिंटरामध्ये चित्र छापताना सामान्यतः आठ सुया कामास येतात. त्या उभ्या ओळीत असल्यामुळे प्रिंटराला पाठविलेला प्रत्येक बाइट म्हणजे आठ बिंदूंचा एक उभा स्तंभ असतो. स्मृतीतील बाइट मात्र आठ बिंदूंची आडवी पट्टी असते. म्हणून आठ पंक्ती एकत्र घेऊन त्यांतील आठ बाय आठ बिटांचा प्रत्येक चौकोन आडव्याचा उभा करावा लागतो. सुयांमधील अंतर इंचाचा ७२ वा भाग; परंतु कागद इंचाच्या २१६ व्या भागाने सरकविता येतो. याचा लाभ घेऊन एकाच जागेवर तीन वेळा हेड फिरवून, दर वेळी कागद एक पाऊल पुढे नेऊन, उभी घनता तिप्पट करता येते. आडवी घनता २४० पर्यंत नेली तर आणखी एक अडचण उभी राहते : सुई पुढे जाऊन मागे येण्यास वेळ घेते, म्हणून लगतच्या दोन स्तंभांत तीच सुई लागोपाठ मारता येत नाही. तेव्हा एका फेरीत सम आणि दुसऱ्या फेरीत विषम स्तंभ छापावे लागतात.

हे सर्व तपशील येथे मुद्दाम दिले आहेत. ड्रायव्हर हा केवळ शब्दाला शब्द ठेवणारा कोश असता, तर त्यात सुईच्या परत येण्याच्या वेळेला स्थान मिळाले नसते. रूपांतरकाराला यंत्राचे शरीर ठाऊक असावे लागते. लेझरजेटच्या ड्रायव्हरमध्ये हेच ज्ञान वेगळ्या रूपाने येते : तेथे एकेक पंक्ती आडवीच पाठवावयाची असते, परंतु कोऱ्या जागा वगळून, एकसारखे बाइट आवळून, किंवा मागच्या पंक्तीहून जेवढे बदलले तेवढेच सांगून मजकूर लहान करावा लागतो; कारण तेथे अडथळा सुईचा नसून तारेवरून जाण्यास लागणाऱ्या वेळेचा आहे.

५. करड्या छटांचा प्रश्न

येथवर आम्ही गुण सांगितले. आता जेथे ही रचना अपुरी पडते त्या भागाकडे वळू.

काळा आणि पांढरा एवढेच जाणणाऱ्या प्रिंटरावर करडी छटा आणावयाची तर छापखान्यातील हाफटोन ब्लॉकाचीच युक्ती वापरावी लागते : लहानमोठ्या ठिपक्यांची जाळी. बिंदुचित्र-प्रिंटरावर असा एकेक ठिपका अनेक बिंदूंच्या चौकोनातून घडवावा लागतो, आणि येथे हिशेब कठोर होतो. आठ बाय आठ बिंदूंच्या चौकोनातून पांढऱ्यासह ६५ छटा मिळतात. इंचात ३०० बिंदू असलेल्या प्रिंटरावर हा चौकोन घेतला तर जाळी इंचाला साडेसदतीस रेषांची होते. वृत्तपत्रांच्या ब्लॉकांना वापरली जाणारी ६५ रेषांची जाळीही खडबडीत समजली जाई, हे येथे आठवावे. जाळी ६० रेषांची हवी असेल तर चौकोन पाच बाय पाचाचा उरतो आणि छटा २६ वर येतात. १२० बाय ७२ घनतेच्या डॉट मॅट्रिक्सवर तर आठ बिंदूंचा चौकोन आडवा इंचाचा १५ वा आणि उभा इंचाचा ९ वा भाग व्यापतो. तेथे छायाचित्राचा चेहरा ओळखू येणेही कठीण.

घोस्टस्क्रिप्टने कमी घनतेच्या उपकरणांसाठी निराळी जाळी निवडण्याची सोय ठेवली आहे. तथापि तिच्या मूळ रचनेत, एका बिटाच्या उपकरणासाठी छटांचे ठिपक्यांत रूपांतर मधल्या थरातच होऊन जाते. ड्रायव्हरच्या हाती पडतात ते ठरून गेलेले काळे-पांढरे बिंदू. या व्यवस्थेमागे एक गृहीत आहे : बिंदू म्हणजे आपल्या घरात नेमका मावणारा काळा चौकोन. प्रत्यक्षात रिबनवर आपटणारी सुई गोल असते, आणि २४० च्या घनतेवर तिचा ठसा शेजारच्या घरांवरही पसरतो. शाईचा थेंब कागदाच्या तंतूंतून पाझरतो. परिणामी निम्मी छटा निम्म्याहून पुष्कळ काळी उमटते. पोस्टस्क्रिप्ट भाषेत छटा हलकी-गडद करण्याची आज्ञा आहे, आणि तिने काही दुरुस्ती करता येते. परंतु ती दुरुस्ती सरासरीची असते. शेजारचा बिंदू काळा असताना हा बिंदू किती काळा भासेल, हे तिला ठाऊक नसते.

शाईचे प्रिंटर स्वस्त झाल्यावर ही उणीव ठळक झाली. ह्यूलेट-पॅकार्डच्या रंगीत डेस्कजेट प्रिंटरांसाठी ज्यांनी ड्रायव्हर लिहिले, त्यांनी मधल्या थराकडून ठरलेले बिंदू न घेता पूर्ण रंगच्छटा मागून घेतल्या, आणि १९७६ मध्ये फ्लॉइड व स्टाइनबर्ग यांनी मांडलेल्या पद्धतीने प्रत्येक बिंदूची चूक शेजाऱ्यांवर वाटून देण्याचे काम स्वतः ड्रायव्हरमध्येच केले. म्हणजे ‘उपकरणनिरपेक्ष’ आणि ‘उपकरणसापेक्ष’ यांच्यातील जी सीमारेषा मूळ रचनाकाराने आखली होती, ती पुढील लेखकांनी वर सरकविली. ही बंडखोरी नव्हती. रचनेत तशी वाट ठेवलेली होती म्हणूनच ती शक्य झाली. परंतु यावरून एवढे निश्चित दिसते की, छटा आणि बिंदू यांच्यातील संबंध हा भाषेचा विषय नसून यंत्राच्या शाईचा विषय आहे, आणि मूळ मांडणीत तो चुकीच्या थरात बसविला गेला होता.

६. देवनागरीची साक्ष

बिंदुनिरपेक्षतेचा सिद्धान्त किती टिकतो हे पाहावयाचे असेल तर रोमन लिपीपेक्षा देवनागरी अधिक चांगली साक्षीदार आहे. रोमन अक्षरे परस्परांपासून सुटी उभी असतात. एक अक्षर अर्धा बिंदू डावीकडे सरकले तर डोळ्याला किंचित खटकते, एवढेच. देवनागरीत शिरोरेषा सर्व अक्षरांना एका दोरीत ओवते. प्रत्येक अक्षर आपल्या वाट्याचा शिरोरेषेचा तुकडा घेऊन येते, आणि हे तुकडे कागदावर अखंड दिसावे लागतात. अक्षराची जागा जवळच्या पूर्ण बिंदूवर आणून बसविली की दोन तुकड्यांमध्ये एका बिंदूची फट पडण्याचा संभव असतो. म्हणून फाँट रचणारे शिरोरेषा अक्षराच्या रुंदीबाहेर थोडी वाढवून ठेवतात. ती किती वाढवावी? समजा, अक्षराच्या हजार भागांपैकी वीस भाग वाढविली. बारा पॉइंटाच्या अक्षरात ही वाढ ०.२४ पॉइंट होते. इंचात ३०० बिंदूंच्या प्रिंटरावर एक बिंदू बरोबर ०.२४ पॉइंटांचा, तेव्हा फट भरून निघते. १२० बिंदूंच्या प्रिंटरावर एक बिंदू ०.६ पॉइंटांचा असतो. तेथे तीच वाढ अर्ध्या बिंदूलाही पोहोचत नाही, आणि शब्दाची शिरोरेषा ठिकठिकाणी तुटते. एकच वर्णन, एकच आज्ञावली; परंतु एका यंत्रावर शब्द अखंड आणि दुसऱ्यावर खंडित.

आकृतीच्या कडेवरील बिंदू कोणता काळा करावयाचा, याचा नियमही येथे महत्त्वाचा ठरतो. आकृतीचा कोणताही अंश ज्या घराला शिवेल ते घर काळे करावे, असा अडोबीचा नियम आहे. त्याने रेषा कधी नाहीशी होत नाही, पण कमी घनतेवर ती जाड होते आणि ‘ष’ च्या पोटातील तिरकी रेघ किंवा ‘थ’ ची गाठ बुजून जाते. घराचा मध्य आकृतीत पडला तरच ते काळे करावे, हा दुसरा नियम. त्याने पोटे मोकळी राहतात, पण बारीक रेषा मध्येच गळते. घोस्टस्क्रिप्टने मध्याचा नियम पायाभूत मानून आकृती किंचित फुगविण्याचे एक माप बदलता येण्याजोगे ठेवले, हा मार्ग आम्हांला सुज्ञपणाचा वाटतो; कारण त्यात एकच उत्तर सर्व यंत्रांवर लादलेले नाही.

या संदर्भात एक तुलना उद्बोधक आहे. फ्रान्स वेल्टहाउस यांनी नेदरलँड्समधील ग्रोनिंगन येथे १९९१ मध्ये टेक् प्रणालीसाठी जी देवनागरी तयार केली, ती डोनाल्ड क्नूथ यांच्या ‘मेटाफाँट’मध्ये रचलेली होती. मेटाफाँट प्रत्येक प्रिंटरासाठी अक्षरांची बिंदुचित्रे स्वतंत्रपणे तयार करतो, आणि तसे करताना प्रिंटराची बिंदुघनताच नव्हे, तर त्याची छपाई किती फिकी किंवा दाट पडते आणि कोपऱ्यांत शाई किती भरते, हेही विचारतो. पोस्टस्क्रिप्टची बाह्याकृती असे काही विचारीत नाही. तिच्यासोबत येणाऱ्या सूचना खांबांची जाडी व अक्षरांची उंची सांभाळतात, पण शाईविषयी मौन पाळतात. पहिली पद्धत बोजड आहे : प्रत्येक प्रिंटरासाठी आणि प्रत्येक आकारासाठी फाइलींचे ढीग साठवावे लागतात. दुसरी सुटसुटीत आहे. परंतु स्वस्त प्रिंटराविषयी अधिक आस्था कोणत्या पद्धतीत आहे, असे विचारल्यास उत्तर मेटाफाँटच्या बाजूने द्यावे लागेल. यंत्राच्या दोषांना नाव देऊन त्यांची नोंद ठेवणे, हा त्यांच्यावर मात करण्याचा पहिला उपाय असतो. आणि ही नोंद ठेवण्याची जागा घोस्टस्क्रिप्टच्या मूळ उपकरण-तक्त्यात नव्हती.

७. शेवटच्या दुव्याची मालकी

आता अधिक गंभीर प्रश्नाकडे यावे लागते. घोस्टस्क्रिप्टची सारी रचना एका न सांगितलेल्या अटीवर उभी आहे : प्रिंटराला कोणते बाइट पाठविले म्हणजे कोणता बिंदू उमटेल, हे जाहीर असले पाहिजे. एप्सनच्या आणि ह्यूलेट-पॅकार्डच्या जुन्या प्रिंटरांच्या बाबतीत ही अट पूर्ण होत असे. आज्ञांचे तक्ते माहितीपुस्तकातच छापलेले असत. पुढे संगणक बलवान झाले, आणि डॉइच यांनी जे संशोधकाच्या दृष्टीने केले तेच कारखानदारांनी काटकसरीच्या दृष्टीने केले : प्रिंटरातील बुद्धी काढून घेतली आणि सर्व काम वापरणाऱ्याच्या संगणकावर टाकले. परंतु हे करताना त्यांनी प्रिंटराची अंतर्गत बोली गुप्त ठेवली, आणि तिचा जाणकार ड्रायव्हर फक्त एकदोन प्रणालींसाठीच दिला. काही लेझर प्रिंटरांना तर चालू केल्यावर दर वेळी त्यांची स्वतःची अंतर्गत आज्ञावलीही संगणकावरूनच भरवावी लागे. अशा प्रिंटरांसाठी ‘फू-टू-झेडजेएस’ किंवा सॅमसंगच्या प्रिंटरांसाठी ‘स्प्लिक्स’ यांसारखे ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनी तारेवरून जाणाऱ्या बाइटांचा अभ्यास करून ती बोली उलगडली. शिलालेख वाचणाऱ्याचा हा उद्योग आहे. फरक एवढाच की, येथे लेख लिहिणारा हयात होता आणि बोलण्यास तयार नव्हता.

म्हणजे महाग प्रिंटरांच्या काळात वर्णनाची भाषा खुली होती आणि ती चालविणारे यंत्र दुर्मीळ होते. स्वस्त प्रिंटरांच्या काळात यंत्र घरोघरी आले आणि त्याची बोली मात्र बंद झाली. पहिला अडसर घोस्टस्क्रिप्टने दूर केला. दुसरा दूर करणे एकट्या कोणत्याही आज्ञावलीच्या हाती नव्हते. येथे एक वैधानिक बाजूही सांगितली पाहिजे. घोस्टस्क्रिप्टची आरंभीची रूपे मुक्त परवान्याखाली होती. पुढे नव्या आवृत्त्या व्यापारी वितरणास मनाई करणाऱ्या परवान्याखाली येऊ लागल्या आणि काही काळाने मुक्त होऊ लागल्या. २००६ मध्ये ही दुहेरी व्यवस्था संपली, आणि २०१३ पासून अधिक कडक असा मुक्त परवाना लागू झाला. या काळात ड्रायव्हर लिहिणाऱ्यांची अडचण दुहेरी होती. ड्रायव्हर मूळ आज्ञावलीतच संकलित करावा लागत असल्यामुळे नवा प्रिंटर आला की नवी आवृत्ती येईपर्यंत थांबावे लागे. ‘युनिप्रिंट’ नावाच्या सर्वसाधारण ड्रायव्हरने प्रिंटराचे वर्णन बाहेरच्या मजकुरात ठेवण्याचा प्रयत्न केला, आणि नंतर ‘आयजेएस’ या जोडणीने ड्रायव्हर स्वतंत्र प्रक्रिया म्हणून चालविण्याची सोय केली. या दोन्ही सुधारणा उशिरा आल्या. उपकरणाची मागणी लहान ठेवणाऱ्या रचनाकाराने ते उपकरण बाहेरून जोडता यावे याचाही आरंभीच विचार करावयास हवा होता, असे आमचे मत आहे.

या इतिहासाचा पुढचा टप्पा समाधानकारक आहे. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कप्स’ या मुद्रण-व्यवस्थेने वर्णन, बिंदुचित्र आणि प्रिंटर यांना जोडणाऱ्या गाळण्यांची साखळी निर्माण केली आणि मधल्या बिंदुचित्राला निश्चित, प्रसिद्ध असे रूप दिले. त्यानंतर प्रिंटर-उत्पादकांच्या सामायिक मंडळाने ठरविलेल्या बिंदुचित्र-स्वरूपामुळे, ते मान्य करणाऱ्या प्रिंटरांना स्वतंत्र ड्रायव्हरची गरजच उरली नाही. पोस्टस्क्रिप्टची जागा पीडीएफने घेतली आहे. २०२२ मध्ये घोस्टस्क्रिप्टनेही पीडीएफ वाचणारा आपला जुना, पोस्टस्क्रिप्टमध्येच लिहिलेला इंटरप्रीटर बाजूला सारून सी भाषेतील नवा स्वीकारला. भाषा बदलली, परंतु वर्णन संगणकावर चालवावयाचे आणि यंत्राला बिंदूच द्यावयाचे, ही डॉइच यांची विभागणी कायम राहिली आहे.

८. मूल्यमापन

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. घोस्टस्क्रिप्टचे पहिले श्रेय असे की, तिने पृष्ठवर्णनाच्या सिद्धान्ताला खऱ्या अर्थाने सिद्ध केले. एकाच प्रकारच्या महाग यंत्रावर चालणारी भाषा स्वतःला यंत्रनिरपेक्ष म्हणवीत असेल तर तो केवळ दावा असतो. नऊ सुयांच्या प्रिंटरावर तेच पृष्ठ उमटले म्हणजे तो सिद्धान्त होतो. दुसरे श्रेय असे की, उपकरणाची मागणी किमान ठेवून तिने सामान्य जाणकारांना या कार्यात सहभागी करून घेतले. तिसरे, स्मृतीच्या टंचाईवर पट्ट्यांच्या रूपाने काढलेला मार्ग हा मूळ भाषेच्या स्वभावाशी प्रामाणिक राहून साधलेल्या रूपांतराचा आदर्श म्हणून शिकविण्याजोगा आहे.

तिच्या उणिवाही तितक्याच शिकविण्याजोग्या आहेत. बिंदूला आदर्श चौकोन मानण्याचे गृहीत, छटांचा निर्णय यंत्रापासून दूर घेण्याची मांडणी, आणि ड्रायव्हर मूळ आज्ञावलीत गुंतवून ठेवण्याची पद्धत, या तिन्हींचे मूळ एकच आहे : यंत्रनिरपेक्षता म्हणजे यंत्राविषयीचे अज्ञान, असा नकळत झालेला अर्थ. वस्तुतः यंत्रनिरपेक्ष वर्णन हवे असेल तर यंत्राविषयीचे ज्ञान कमी करून चालत नाही. ते एका जागी, स्पष्ट शब्दांत, आणि इतरांना वाचता येईल अशा रीतीने नोंदवावे लागते.

आपल्याकडे हा विषय निव्वळ ऐतिहासिक नाही. बँकांची पासबुके आणि कार्बन घालून काढावयाच्या अनेकप्रती पावत्या आजही डॉट मॅट्रिक्स प्रिंटरावर छापल्या जातात, आणि त्यांवर मराठी मजकूर सुवाच्य उमटावा ही अपेक्षा रास्त आहे. तुटलेली शिरोरेषा आणि बुजलेली जोडाक्षरे पाहून ‘प्रिंटर स्वस्त आहे, चालायचेच’ असे म्हणणे सोपे असते. पण वर दाखविल्याप्रमाणे दोष पुष्कळदा प्रिंटराचा नसून, त्याची बिंदुघनता न विचारता रचलेल्या फाँटाचा किंवा कडेच्या बिंदूंच्या नियमाचा असतो, आणि तो दुरुस्त होऊ शकतो. पदव्युत्तर अभ्यासक्रमात इंटरप्रीटरची रचना शिकविली जाते. त्याबरोबरच एखाद्या साध्या प्रिंटराच्या ड्रायव्हरचे संपूर्ण वाचन विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावे, आणि त्याच प्रिंटरावर देवनागरीचे एक पान छापवून त्यातील प्रत्येक दोषाचे मूळ कोणत्या थरात आहे ते शोधावयास लावावे, अशी आमची सूचना आहे. काहीशे ओळींच्या त्या मजकुरात भाषा, गणित आणि यंत्र ही तिन्ही एकमेकांना कोठे भेटतात आणि कोठे परस्परांची अडवणूक करतात, हे जितके स्पष्ट दिसते तितके मोठ्या ग्रंथांत क्वचितच दिसते.